सिमोन सिन्योरे : जिने पडद्यावर म्हातारपण लपवलं नाही

निरुपमा_के

फ्रेंच नटी म्हटलं की आपल्याकडे गाडी बार्दोवरून सुटते ती थेट दनव्हवर जाऊन थांबते. मंडळी फारच जाणकार असली तर झान मोरो. सिमोन सिन्योरेचं नाव काढलं की समोरच्याचा चेहरा कोरा. मग 'डायबॉलिक'मधली ती काळ्या चष्म्याची बाई असं सांगितलं की "हां हां, ती होय!"

तर या चष्मेवालीबद्दल. मला बोलायचंय ते मुख्यतः तिच्या चेहऱ्याबद्दल. झाक बेकेरचा 'कास्क दॉर' १९५२चा. त्यात ती मारी आहे, शंभरेक वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये गुंडांच्या टोळीत वावरणारी, डोक्यावर सोनेरी केसांचा मुकुट बांधलेली. बाकीच्या बायका नावेत आरामात बसून येतात, ही स्वतः वल्ही मारत येते. पिएर ग्रानिए-देफेरचा 'ल शा' १९७१चा. त्यात सुटलेलं अंग, डोळ्यांखाली पिशव्या, लंगडी चाल आणि जवळ रमची बाटली. दोन्हींमध्ये फक्त १९ वर्षं आहेत. ती तेव्हा जेमतेम पन्नाशीला टेकली होती आणि दिसते पासष्टीची.

थोडी पार्श्वभूमी. जन्म २५ मार्च १९२१, जर्मनीतल्या वीसबाडेनला, कारण वडील आंद्रे कामिंकर फ्रेंच सैन्याबरोबर तिकडे होते. ते पोलिश ज्यू घराण्यातले, आई जॉर्जेत सिन्योरे कॅथलिक. वाढली पॅरिसला लागून असलेल्या न्यूयीत, चांगल्या खात्यापित्या घरात. वडील नामांकित दुभाषी. १९३४ साली हिटलरचं न्यूरेंबर्गचं भाषण फ्रेंच रेडिओवर चालू असताना ते ऐकता ऐकता फ्रेंचमध्ये सांगत होते. विचार करा, एक ज्यू माणूस हिटलरचा आवाज होऊन बोलतोय.

१९४० मध्ये जर्मन पॅरिसमध्ये आले. वडील लंडनला द गॉलकडे, म्हणजे जर्मनांशी लढा चालू ठेवणाऱ्या फ्रेंच सेनानीकडे गेले. मागे राहिली आई, दोन धाकटे भाऊ आणि १९ वर्षांची सिमोन. घर चालवायला तिने नोकरी धरली ती 'ले नूव्हो ताँ' या वर्तमानपत्रात टायपिस्टची. मालक झाँ ल्युशेर, म्हणजे उघडउघड जर्मनधार्जिणा माणूस. त्याची मुलगी कोरीन तिच्या ओळखीची, त्या वशिल्याने काम मिळालं. तिने हे पुढे कधी लपवलं नाही, आत्मचरित्रात सविस्तर लिहिलंय. ल्युशेरला १९४६ मध्ये गोळी घालण्यात आली.

नोकरी सोडून ती पॅरिसमधल्या काफे द फ्लोरच्या कंपूत शिरली. नट, कवी, डावे, कफल्लक असे सगळे तिथे. सिनेमात काम करायला परवाना लागायचा आणि बाप ज्यू असल्याने तिला तो मिळणं शक्य नव्हतं. म्हणून गर्दीत उभं राहायचं, एखादं वाक्य मिळालं तर दिवाळी. आईचं आडनाव तिने घेतलं ते याच दिवसांत. मार्सेल कार्नेच्या 'ले व्हिझितर द्यु स्वार'मध्ये ती आहे, पण शोधावी लागते.

लढाई संपल्यावर ईव्ह आलेग्रे हा दिग्दर्शक नवरा मिळाला, १९४६ मध्ये मुलगी कात्रीन झाली, १९४८ मध्ये 'देदे दाँव्हेर'ने नाव झालं. देदे ही अँटवर्प बंदरातली वेश्या. १९५० च्या 'ला राँद'मध्ये परत वेश्या. तिला तशाच भूमिका मिळत राहिल्या, पण तिच्या वेश्या कधी बिचाऱ्या नसतात आणि सोन्याच्या काळजाच्याही नसतात. धंद्याला बसलेली बाई जशी गिऱ्हाइकाकडे बघेल तशी ती बघते.

बाकी प्रतिसादांत येईलच. माझं म्हणणं एवढंच की हॉलिवूडचं ऑस्कर घेतल्यावर जी बाई दहा वर्षं सुंदर दिसण्यावर काढू शकली असती, तिने ते केलं नाही. आणि तिची सगळ्यात मोठी कामं त्यानंतरची आहेत.

कोकणकडा

झकास धागा. एक भर घालतो.

पॉल म्यूरिस हा नट आठवा. 'डायबॉलिक'मध्ये (१९५५) शाळेचा तो दुष्ट मुख्याध्यापक. सिन्योरे आणि व्हेरा क्लूझो, म्हणजे त्याची रखेल आणि त्याची बायको, दोघी मिळून त्याला न्हाणीघरातल्या टबात बुडवतात. १४ वर्षांनी मेलव्हिलच्या 'आर्मी ऑफ शॅडोज'मध्ये तोच म्यूरिस जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीचा प्रमुख आहे आणि सिन्योरे त्याच्या हाताखालची मातिल्द. शेवटी तिला रस्त्यात गोळ्या घालायला गाडी येते त्या गाडीत तो बसलेला. टबाचा हिशेब चुकता!

तसाच सेर्ज रेज्यानी. 'ला राँद'मध्ये तिचं फुकटचं गिऱ्हाईक असलेला शिपाई, 'कास्क दॉर'मध्ये तिचा प्रियकर सुतार मांदा, आणि 'आर्मी ऑफ शॅडोज'मध्ये दोन मिनिटांचा न्हावी, तिथे मात्र दोघं एकमेकांसमोर येत नाहीत.

टवाळ_टोपी

अहो कडाशेठ, दोन सिनेमांचे शेवट एका परिच्छेदात फोडलेत. 'रहस्यभेद' असं वर लिहायचं तरी!

कोकणकडा

टबाचं फोडलं नाही. टबानंतर काय होतं ते रहस्य आहे, आणि ते मी मेलो तरी सांगणार नाही. क्लूझोने सिनेमाच्या शेवटी पाटीच लावली आहे की मित्रांना गोष्ट सांगून त्यांची मजा घालवू नका. 'आर्मी'चा शेवट ठाऊक असला तरी फरक पडत नाही, उलट जास्त लागतो.

जुनी_खाष्ट

निरुपमा, लेख छान, पण शेवटचा परिच्छेद वाचून मान हलवली, ती नकारार्थी.

"म्हातारपण लपवलं नाही" हे कौतुक बाईच्याच वाट्याला का येतं गं? 'ल शा'मध्ये तिचा नवरा झाला आहे झाँ गाबँ. गाबँ १९०४चा, तेव्हा ६७ वर्षांचा. ती ५० ची. सतरा वर्षांचं अंतर असून पडद्यावर बरोबरीची म्हातारा-म्हातारी. गाबँच्या सुरकुत्यांबद्दल कुणी धागा काढत नाही.

आता तिचा खरा नवरा घे. गायक-नट ईव्ह मोंताँ ऑक्टोबर १९२१चा, म्हणजे हिच्यापेक्षा सात महिन्यांनी लहान. 'ल शा'च्या पुढच्याच वर्षी तो 'सेझार ए रोझाली'मध्ये रोमी श्नायडरचा प्रियकर आहे. रोमी त्याच्याहून १७ वर्षांनी लहान. दोघं एका घरात राहतात, एका वयाची आहेत, आणि एक सकाळी निघते ती गाबँची म्हातारी व्हायला, दुसरा निघतो रोमीच्या मागे धावायला. याला धाडस म्हणायचं की धंद्याचा नियम?

निरुपमा_के

खाष्टताई, दोन्ही. नियम तिने केलेला नाही हे कबूल. पण नियम सगळ्यांनाच होता, आणि त्यावर बहुतेकींनी तीनच उपाय केले : दिवे मऊ करून घेणं, काम सोडणं, किंवा चेहरा ओढून घेणं. हिने भूमिका मागे सरकवल्या नाहीत, पुढे ओढून घेतल्या.

'ल शा'मधलाच एक प्रसंग घेते. नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे. तो निवृत्त छपाई कामगार, ती एकेकाळची सर्कसमधली झोपाळ्यावरची कलाकार, पडून पाय मोडला तेव्हापासून लंगडते. सगळी वस्ती पाडून उंच इमारती चालल्या आहेत, यांचं घर तेवढं मध्ये उरलंय, बाहेर दिवसभर यंत्रांची धडधड. तो घरी एक मांजर आणतो आणि जे बायकोला द्यायचं ते सगळं मांजराला देतो. एके दिवशी ती मांजराला गोळी घालते. त्यानंतर तो तिच्याशी फक्त चिठ्ठ्यांनी बोलतो : कागदाचा तुकडा, त्यावर दोन शब्द, चुरगळून बोटाने टिचकी मारून तिच्या मांडीवर. बहुतेक वेळा त्यावर लिहिलेलं असतं "मांजर".

ती चिठ्ठी उलगडताना सिन्योरे काय करते ते बघा. रडत नाही, चिडत नाही. आधी थोडी आशा दिसते, की या वेळी कदाचित दुसरं काही लिहिलं असेल. मग वाचते. मग कागद परत तसाच घडी घालून पदरात टाकावा तसा खिशात टाकते. ती आशा पन्नाशीच्या चेहऱ्यावर मेकअप थापून दिसली नसती.

या कामासाठी बर्लिन महोत्सवात तिला आणि गाबँला दोघांनाही रौप्य अस्वल मिळालं. तेवढा तरी न्याय झाला म्हणा.

रात्रपाळी

मला चेहऱ्यापेक्षा राजकारणात रस आहे, आणि तिथे या जोडप्याला तुम्ही सगळे जरा सोपं सोडता असं वाटतं.

नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीतला उठाव चिरडायला रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. महिन्याभरात मोंताँ-सिन्योरे मॉस्कोला गाण्याच्या दौऱ्यावर. आधी ठरलेलं होतं हे मान्य. पण फ्रान्समध्ये त्यावरून केवढा गदारोळ चालू होता! तरी गेले. ख्रुश्चेव्हबरोबर जेवले. मग कसलं आलंय विवेकाचं कौतुक?

बुधवार_पेठी

+१. पोस्टर लावणाऱ्या कार्यकर्त्याला निदान पगार नसतो.

निरुपमा_के

रात्रपाळी, जेवले हे अर्धंच सांगितलंत. टेबलावर ख्रुश्चेव्ह, मोलोतोव्ह, मिकोयान, बुल्गानिन, माल्येन्कोव्ह. अख्खं पॉलिटब्युरो म्हणा ना. आणि तिथे या दोघांनी हंगेरीचा विषय काढला. बराच वेळ त्यावरच बोलणं झालं. आत्मचरित्रात तिने ते सगळं लिहिलंय, स्वतःला हिरो न करता. परत आल्यावर उजव्यांनी शिव्या घातल्या कारण गेले, डाव्यांनी भुवया चढवल्या कारण विचारलं.

दोघंही पक्षाचे कार्डधारक सभासद कधीच नव्हते, पण सोबत चालणारे होते. १९५० चं स्टॉकहोम आवाहन, अणुबॉम्बविरोधी, त्यावर सह्या केल्या म्हणून अमेरिकेने कित्येक वर्षं व्हिसा दिला नाही. सोव्हिएतांना अणुबॉम्बची गुपितं दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेत रोझेनबर्ग दांपत्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली तेव्हा ही त्यांच्यासाठी उभी होती. आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' पॅरिसमध्ये १९५४ मध्ये यांनीच रंगमंचावर उभं केलं, पुढे सिनेमाही. अमेरिकेतल्या चेटकिणींच्या शिकारीवर (म्हणजे कम्युनिस्टांमागे लागलेल्या ससेमिऱ्यावर) बोलायचं आणि प्रागमधल्या शिकारीवर गप्प राहायचं, हा त्या पिढीचा आंधळा डाग.

पण १९७० चा 'द कन्फेशन' बघा. कोस्ता-गाव्रासचा. प्रागच्या १९५२ च्या, कम्युनिस्ट सरकारने आपल्याच नेत्यांवर चालवलेल्या बनावट स्लान्स्की खटल्यातून वाचलेल्या आर्तूर लंडनच्या पुस्तकावर. मोंताँ झालाय तो छळलेला उपमंत्री, वजन इतकं उतरवलंय की ओळखू येत नाही. आणि सिन्योरे त्याची बायको. ती पक्की कम्युनिस्ट. नवऱ्याचा "कबुलीजबाब" रेडिओवर ऐकते आणि पक्ष खोटं बोलणार नाही म्हणून नवऱ्याला नाकारते, तसं पत्रही लिहिते. हे काम सिन्योरेने करणं म्हणजे स्वतःच्याच मागच्या वीस वर्षांना कॅमेऱ्यासमोर उभं करणं.

रात्रपाळी

हे वाक्य जरा पुस्तकी झालं, पण मुद्दा पोचला. 'द कन्फेशन' पाहिलेला नाही. पाहून भांडायला परत येतो.

तोवर एक गोष्ट तिच्या बाजूने मीच टाकतो : सप्टेंबर १९६० चा '१२१ जणांचा जाहीरनामा'. अल्जीरियात लढायला नकार देणाऱ्या फ्रेंच तरुणांना पाठिंबा. तिची सही आहे त्यावर. सही करणाऱ्यांना सरकारी रेडिओ-टीव्हीवर बंदी आली. हातात नुकतं आलेलं ऑस्कर असताना हे करायला लागतं ते लागतं.

यॉर्कशायरचा_पोऱ्या

ऑस्करवरून बोलतो, कारण तो आमच्या गावचा सिनेमा. 'रूम अ‍ॅट द टॉप' ब्रॅडफर्ड आणि हॅलिफॅक्सला चित्रित झाला. सिनेमात वॉर्नली नावाचं स्टेशन दिसतं ते हॅलिफॅक्स. आजही तिथे उतरलं की ओळखू येतं.

जॉन ब्रेनची कादंबरी, जॅक क्लेटनचं दिग्दर्शन. गिरणगावातला महत्त्वाकांक्षी पोरगा जो लॅम्प्टन, त्याला गिरणीमालकाची मुलगी पटवायची आहे, आणि मध्ये येते ॲलिस एजगिल, त्याच्याहून मोठी, वाईट लग्नात अडकलेली. कादंबरीतली ॲलिस इंग्रज आहे. सिन्योरेसाठी ती फ्रेंच केली. आणि त्याने सगळं बदललं. त्या गावात ती दोनदा परकी : बायको म्हणून आणि परदेशी म्हणून. लॉरेन्स हार्वे तिच्यासमोर लाकडी वाटतो, पण ते भूमिकेला शोभतं, लॅम्प्टनला प्रेमापेक्षा मोटार हवी असते.

१९५९ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, मग ब्रिटिश अकादमी (तिथे तिला आधी 'कास्क दॉर' आणि 'क्रूसिबल'साठीही मिळालं होतं), आणि एप्रिल १९६० मध्ये ऑस्कर. समोर कोण होत्या माहितीये? डोरिस डे, ऑड्री हेपबर्न, कॅथरीन हेपबर्न, एलिझाबेथ टेलर. छोट्याशा इंग्लिश सिनेमातली एक फ्रेंच बाई या चौघींना मागे टाकून गेली.

अवांतर : त्याच सिनेमातल्या हर्माइनी बॅडलीला साहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन होतं, पडद्यावर अडीच मिनिटंसुद्धा नसताना. तो विक्रम आहे.

आणि हेही सांगतो नाहीतर आरती होईल : १९६६ मध्ये लंडनला रॉयल कोर्टमध्ये तिने ॲलेक गिनेसबरोबर लेडी मॅक्बेथ केली. इंग्रज समीक्षकांनी उच्चारांवरून सोलून काढलं. तिला शेक्सपियर झेपला नाही.

टवाळ_टोपी

शेक्सपियर आम्हालाही झेपत नाही, आमचं ऑस्कर कुठाय?

मीनाक्षी_दातार

कुणीच मेरिलिनचं बोलत नाहीये, म्हणून मी घाण करते. मोंताँ आणि मन्रोचं प्रकरण त्या ऑस्करच्याच वर्षातलं ना?

जुनी_खाष्ट

मीनाक्षी, वाटच बघत होते हा प्रश्न कधी येतो त्याची.

निरुपमा_के

विचारलंत ते बरं केलंत, कारण माझा आवडता भाग तोच आहे, पण प्रकरणाचा नव्हे, त्याच्या आधीचा.

१९६० च्या सुरुवातीला मोंताँ 'लेट्स मेक लव्ह' करायला हॉलिवूडमध्ये. बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या बंगल्यांत ही दोघं, आणि समोरच मन्रो आणि तिचा नवरा आर्थर मिलर. चौघांचं रोज संध्याकाळी एकत्र जेवण, पास्ता वगैरे घरीच उकडायचा. शनिवारी सॅन दिएगोहून एक वयस्कर बाई यायच्या. त्यांनी आयुष्यभर केस ब्लीच करण्याचं काम केलेलं, जुन्या हॉलिवूडची नटी जीन हार्लो, तिचे केस त्यांनीच पांढरे-सोनेरी केलेले. मेरिलिन त्यांना गाडी पाठवून आणवायची, आणि सिमोनचेही केस त्या बसवायच्या. स्वयंपाकघरात दोन जगप्रसिद्ध बायका डोक्याला रंग थापून बसलेल्या, आणि म्हातारी हार्लोच्या गोष्टी सांगतेय. सिन्योरेने हे इतक्या मजेत लिहिलंय की पुढे काय झालं ते माहीत असूनही हसू येतं.

नंतर तिला युरोपात काम होतं, ती निघून गेली. मिलरही गेला. मग जे झालं ते झालं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी महिनोनमहिने चघळलं. तिने मेरिलिनवर एक वाईट शब्द लिहिलेला नाही. मेरिलिनने तिला एक शाम्पेनच्या रंगाचा रेशमी स्कार्फ वापरायला दिला होता. तो ती पुढे कित्येक वर्षं वापरत राहिली, विरेपर्यंत. हे मेरिलिनला कधी कळलं नाही, याची तिला चुटपुट होती.

जुनी_खाष्ट

बाईवर राग नाही, ठीक. नवऱ्यावर तरी?

निरुपमा_के

त्याच्यावरही जाहीर नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सॅं-पॉल-द-व्हाँसच्या 'ला कोलोंब दॉर' या खानावळीत भेटली त्याला (भिंतींवर पिकासो-मातिस टांगलेली खानावळ आहे ती), आलेग्रेला सोडून मुलीला घेऊन याच्याकडे आली, १९५१ च्या डिसेंबरात त्याच गावात लग्न, आणि मरेपर्यंत राहिली. त्याच्या मागेमागे राहण्यापायी स्वतःची कामंही कमी केली होती पहिल्या वर्षांत. 'कास्क दॉर'सुद्धा नाकारायला निघाली होती, त्याच्यापासून दूर जावं लागेल म्हणून! विचार करा.

मला ते पटतं असं नाही. १९६० नंतर तिचं पिणं वाढलं, चेहरा झपाट्याने बदलला, याचा संबंध सगळे त्या प्रकरणाशी जोडतात. तिने स्वतः तसं म्हटलेलं मला आवडणार नाही आणि ती म्हणतही नाही.

मुक्कामपोस्ट_सांगली

हंसा वाडकरांची आठवण आली. 'सांगत्ये ऐका' त्यांनी अरुण साधूंना सांगितलेलं. सिन्योरेचं आत्मचरित्रही कुणाला सांगून लिहिलेलं का?

निरुपमा_के

सुरुवात तशीच झाली. मोरिस पोंस नावाच्या लेखकाने टेपवर मुलाखती घेतल्या. मग ते कागदावर आलेलं वाचून तिला वाटलं की हे आपलं बोलणं आहे, आपलं लिखाण नाही. सगळं पुन्हा स्वतः लिहून काढलं. १९७६ मध्ये आलं आणि तुफान खपलं.

मरणाच्या वर्षी, १९८५ मध्ये, तिची कादंबरी आली, 'आद्यो व्होलोद्या'. पॅरिसमधली दोन स्थलांतरित ज्यू कुटुंबं, फरचे कोट आणि शिवणकाम, १९२० च्या दशकापासून १९४० च्या दशकापर्यंत. वडिलांकडचं ते सगळं जग, ज्याबद्दल न्यूयीच्या घरात फारसं बोललं गेलं नव्हतं. तोवर तिची नजर जवळजवळ गेलेली होती.

कोकणकडा

'मादाम रोझा' राहिला की! १९७७. मोशे मिझराहीचा. रोमाँ गारीने एमिल आझार या टोपणनावाने लिहिलेली कादंबरी, १९७५ चं गोंकूर, म्हणजे फ्रान्सचं मोठं साहित्य पारितोषिक. ऑशवित्झमधून परत आलेली एक म्हातारी वेश्या, पॅरिसच्या बेल्व्हिल वस्तीत सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, इतर वेश्यांची पोरं सांभाळते. त्यांतला मोमो हा अरब पोरगा. त्या भूमिकेसाठी सिन्योरेने अंगावर आणखी गाद्या भरल्या, असलेलं वजन पुरेना म्हणून. तिला सेझार (फ्रेंच ऑस्करच) मिळालं, सिनेमाला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर. सिनेमा जरा गोड आहे, ती मात्र अजिबात गोड नाही.

आणि 'आर्मी'चा शेवट. मातिल्दला लेकीचा फोटो जवळ ठेवू नकोस म्हणून बजावलेलं असतं. ती ठेवते. पकडली जाते, फोटो सापडतो. गेस्टापो म्हणतं, नावं दे नाहीतर पोरीला पोलंडमधल्या सैनिकी वेश्यागृहात पाठवू. ती सुटून बाहेर येते तेव्हा साथीदारांना कळतं की हिला मारावंच लागेल. फुटपाथवरून येतेय, गाडी शेजारी येऊन मंदावते, ती वळून बघते आणि थांबते. ओळखते. पिस्तूलही दिसतं. त्या नजरेत काय आहे यावर माझं आणि एका मित्राचं अजून भांडण आहे. तो म्हणतो "मारा एकदाचं" असं आहे. मला तिथे निव्वळ चकित झालेली बाई दिसते.

रात्रपाळी

मित्राच्या बाजूने. चळवळीतलं माणूस आहे ते, चकित कशाला होईल?

जुनी_खाष्ट

कारण ती आई आहे. घरी जायला निघाली होती.

स्वरांगी

मी फक्त नावामुळे आले इथे. नीना सिमोन! युनिस वेमन हे खरं नाव, १९५४ च्या सुमाराला अटलांटिक सिटीच्या बारमध्ये गायला लागली तेव्हा आईला कळू नये म्हणून टोपणनाव घेतलं, आणि 'सिमोन' घेतलं ते सिन्योरेवरून. म्हणजे 'कास्क दॉर'चं ऋण जॅझवरही आहे.

मी एकही सिनेमा पाहिलेला नाही. कुठून सुरू करू? 'डायबॉलिक'?

निरुपमा_के

स्वरांगी, 'डायबॉलिक' नको. तो क्लूझोचा सिनेमा आहे, त्यात ती एक सोंगटी आहे, उत्तम सोंगटी. आधी 'कास्क दॉर' बघ. फ्रान्समध्ये तो आला तेव्हा पडला होता, इंग्रजांनी उचलून धरला. शेवटी ती गिलोटिन दिसेल अशी खोली भाड्याने घेते आणि रात्रभर खिडकीत बसते, तेवढ्यासाठी तरी. मग लगेच, दुसऱ्या दिवशीच, 'ल शा'. मध्ये दुसरं काही बघू नकोस.

टवाळ_टोपी

'ल शा' आमच्या मातोश्रींना दाखवला. त्यांना फक्त मांजराचं वाईट वाटलं.

रात्रपाळी

'द कन्फेशन' पाहिला काल. मोंताँ ग्रेट. ती कमी वेळ आहे, पण रेडिओचा प्रसंग तीन वेळा मागे नेऊन पाहिला. हंगेरीचं माझं मत तसंच आहे. १९८२ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा असताना तत्त्वज्ञ फुको आणि डॉक्टर कुश्नेरबरोबर औषधांची गाडी घेऊन वॉर्साला गेली होती हे आज वाचलं, तेव्हा साठी उलटलेली. तेवढे मार्क वाढवले.

जुनी_खाष्ट

मार्क देणारे तुम्ही कोण, ते सांगा आधी.

कोकणकडा

३० सप्टेंबर १९८५ ला नॉर्मंडीत ओतईच्या घरी गेली, स्वादुपिंडाचा कर्करोग. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत पुरली. १९९१ मध्ये मोंताँ शेजारी आला, आणि १९९८ मध्ये कुणा मुलीने पितृत्वाचा दावा केला म्हणून डीएनएसाठी त्याला उकरून काढलं. चाचणी नकारार्थी आली.

टवाळ_टोपी

म्हणजे मेल्यावरही हिला शांतता नाही. खाष्टताई, आता त्याच्यावर राग काढा हवा तेवढा.

जुनी_खाष्ट

काढतेच आहे. 'सेझार ए रोझाली' लावलाय रात्री, तोही निरुपमाच्या खर्चाने. मोबी की मुबी काय ते सिनेमांचं ॲप तिच्याच नावावर आहे आमच्याकडे.